आमच्यात काच बायका कापतात

दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की ते हमखास चुकीच्या माणसाशी बोलायला लागायचं. पुढे खुर्चीवर मामा बसलेले असायचे, रुंद खांद्यांचे, छातीपर्यंत दाढी रुळणारे, बघताक्षणी पट्टीचे कारागीर वाटावेत असे. गिऱ्हाईक त्यांना खिडकीचं माप सांगायचं आणि वर बजावायचं, "जरा नीट कापा हं, मागच्या वेळी दुसरीकडे कड उडवून ठेवली होती." मामा पोट धरून हसायचे आणि आतल्या टेबलाकडे बोट दाखवायचे. "मला काय सांगताय? मी या दुकानाचं नुसतं तोंड आहे. हात तिकडे आहेत."

तिकडे ताई असायच्या. ताई म्हणजे मामांची थोरली बहीण आणि दुकानाची मालकीण. घोंगडी अंथरलेल्या लांब टेबलावर त्या काच आडवी टाकायच्या, पट्टी लावायच्या, हिरकणी, म्हणजे काच कापायची हिऱ्याच्या टोकाची लेखणी, रॉकेलात बुडवून एकदाच ओढायच्या आणि खालून बोटाने हलकेच ठोकायच्या. काच रेघेबरहुकूम दुभंगायची. त्याच जागी पुन्हा रेघ ओढणं त्यांना मंजूर नव्हतं. कुणी ओढताना दिसलं की कपाळाला आठी पडायची. शेजारी त्यांची लेक आरशांच्या गोल आणि अंडाकृती कडा काढायची. सरळ कापण्यापेक्षा ते काम कितीतरी अवघड, आणि त्यात लेक आईच्याही पुढे गेली होती. ताईंनी हे तिच्या तोंडावर कबूल केलं असतं तर आभाळ कोसळलं असतं. पण ती पाठमोरी झाली की त्या गिऱ्हाइकाला डोळ्यांनी खुणवायच्या, बघा, बघा जरा.

"आमच्यात काच बायका कापतात," हे वाक्य ताई ज्या थाटात म्हणायच्या, त्या थाटात दुसरे लोक वाडवडिलांच्या जमीनजुमल्याबद्दल बोलतात. मग गिऱ्हाइकाला घाई असो नसो, पणजीची गोष्ट ऐकावी लागायची. पणजीचे भाऊ लहानपणीच गेले. वडिलांचा काचेचा धंदा आता बसणार म्हणून बाजारातले सगळे काचवाले टपून बसले होते. पणजीने भर बाजारात पैज लावली, फुटक्या मोठ्या आरशातून चेहरा मावेल एवढा अंडाकृती आरसा अखंड काढून दाखवला आणि भल्याभल्यांची तोंडं बंद केली. तेव्हापासून हिरकणी आईकडून लेकीकडे जाते, आणि जावई नांदायला सासरी येतो.

पुरुषांनी काय करायचं, तर चौकटी जोडायच्या, पॉलिश करायचं, गिऱ्हाईक सांभाळायचं. चौकटींचं लाकूडसुद्धा बाहेरून कापून यायचं. धारेची कुठलीच वस्तू या घरात पुरुषाच्या हाती देत नसत. मामांसारखे या घरात जन्मलेले पुरुष तर वस्तऱ्यालाही हात लावत नसत, म्हणून ही दाढी. लग्नानंतर जावयाने एकदा हौसेने हिरकणी उचलली होती, तर तान्ह्या पोराच्या हातातली सुरी काढून घ्यावी तशी ताईंनी ती त्याच्या हातून काढून घेतली. बिचारा नंतर चेष्टेने म्हणायचा, "मला या घरात कांदा चिरायचीसुद्धा परवानगी नाही." यात त्याचं काही फार नुकसान होत होतं असं नाही.

लेकीला दिवस गेले तेव्हा सगळ्यांनाच आभाळ ठेंगणं झालं. पहिल्या तपासणीला ताई जातीने बरोबर गेल्या. बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि चौकशी बारीक करायच्या. घरात कुणाला साखर, कुणाला दाब, कुणाला जन्मापासूनचा काही आजार? शेवटी त्यांनी विचारलं, "लागल्यावर रक्त थांबत नाही, असं कुणाचं कधी झालंय का? विशेषतः पुरुषांचं?"

ताईंनी पदर सावरला. "बाई, आमचा धंदा काचेचा. माझ्या आणि हिच्या बोटांवर बघा किती खुणा आहेत. लागतं, वाहतं, थांबतं. आणि पुरुषांचं म्हणाल, तर आमच्या घरातल्या पुरुषाच्या अंगातून आजवर कुणी रक्ताचा थेंब सांडलेला पाहिला नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. ताई मात्र घरी येईपर्यंत त्या उत्तरावर खूश होत्या.

लेकीला सातवा लागला त्या सुमारास मामांची दाढ ठणकायला लागली. मामा दुखणं अंगावर काढण्यात वाकबगार. वर्षातून एकदोनदा त्यांचा गुडघा सुजून नारळाएवढा व्हायचा, घरात त्याला 'गुडघा रुसला' म्हणायचे, मामा आठवडाभर पाय उशीवर ठेवून विनोद सांगत पडून राहायचे आणि मग लंगडत पुन्हा खुर्चीवर. पण दाढेपुढे कुणाचं चालत नाही. जबडा सुजला, जेवण सुटलं, तेव्हा जावयाने त्यांना बळेच दातांच्या डॉक्टरकडे नेलं. दाढ निघाली. दुपारी कापसाचा बोळा लाल झाला, तो बदलला, तोही लाल झाला. संध्याकाळी मामांची उशी भिजली, तरी मामा बोळ्यामागून बोबड्या आवाजात म्हणत होते, "काही नाही रे, दाढ मोठी होती." दुसऱ्या दिवशी ते उठून बसले आणि तिथेच कलंडले. तेव्हा त्यांना मोठ्या इस्पितळात हलवलं.

तिथल्या रक्ताच्या डॉक्टर पिकल्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तपासण्या केल्या, शिरेतून औषध दिलं आणि दाढेचं रक्त थांबलं. मग त्यांनी मामांचा रुसका गुडघा हातात घेऊन वळवून पाहिला, कोपर सरळ होत नाही हेही पाहिलं आणि ताईंना बाहेरच्या बाकावर बसवलं.

"तुमच्या भावाला हिमोफिलिया आहे," त्या म्हणाल्या. "रक्त गोठायला शरीर बरीच प्रथिनं एकामागून एक कामाला लावतं. त्यातलं फॅक्टर आठ नावाचं एक प्रथिन यांच्यात फार कमी बनतं. गुडघ्यातसुद्धा आतल्या आत रक्त साचत होतं, आणि तुम्ही समजत होता सूज. हा जन्मापासूनचा आजार आहे आणि घराण्यातून येतो."

'घराण्यातून' म्हटल्याबरोबर ताईंची मान ताठ झाली. "आमच्या रक्तात खोट नाही हो. असं कुणालाच नव्हतं."

"घरात मुलगी गरोदर आहे असं जावई म्हणाले."

"तिचा काय संबंध?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "शरीरातली प्रत्येक गोष्ट कशी बनवायची, ते जनुकांत लिहिलेलं असतं. पिढी पुढे जाताना त्याची नक्कल होते. तुमच्या घराण्यात मागे कधीतरी नक्कल होताना फॅक्टर आठच्या जनुकात एक बदल झाला. उत्परिवर्तन म्हणतात त्याला. त्यात कुणाचा दोष नसतो. पण झाला तो झाला, पुढच्या नकलांत तो उतरत राहतो. हे जनुक असतं एक्स गुणसूत्रावर. बाईकडे एक्स दोन असतात. एकात बिघाड असला तरी दुसरं बहुधा काम निभावून नेतं. पुरुषाकडे एकच. म्हणून त्रास मुलांना होतो आणि वारसा मुलींकडून पुढे जातो. तुमच्या आईकडून तो भावाकडे आला, तसा तुमच्याकडेही आला असेल, आणि तुमच्याकडून लेकीकडे. तिला मुलगा झाला आणि जन्मताना डोक्याला चिमटा लावून ओढावं लागलं, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आधी माहीत असेल तर हे टाळता येतं. तिच्या डॉक्टरांना हे सांगा आणि तुम्ही दोघी रक्त तपासून घ्या."

ताई उठल्या. "विचार करते," एवढंच म्हणाल्या. खरं तर त्या विचार अजिबात करत नव्हत्या, त्यांना नुसता राग आला होता. इतक्या पिढ्यांचं नाव, आणि या बाई दाढेवरून त्याचा पंचनामा करतात! गल्लीत कळलं तर? व्याह्यांना कळलं तर? काचवाल्यांचं रक्त नासकं, म्हणतील. आणि ज्या डॉक्टरीणबाईंना छाती फुगवून उत्तर दिलं होतं, त्यांच्यासमोर जाऊन आता काय तोंड दाखवायचं? घरी त्यांनी लेकीला सांगितलं, "मामा बरा आहे, दाढ मोठी होती." लेक आईकडे बघत राहिली. खोटं बोलताना ताई नेहमी काहीतरी पुसत बसायच्या, आणि आत्ता त्या स्वच्छ आरसा पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मामांसाठी पेज घेऊन गेल्या. मामा उशीला टेकून बसले होते. चेहरा पांढरा पडला होता, पण डोळ्यांतला मिस्कीलपणा परत आला होता. डॉक्टरांनी त्यांनाही सगळं सांगितलं होतं.

"ताई, एक सांगू? हसणार नाहीस ना?"

"तू आणि हसू नको म्हणतोस? बोल."

"लहान असताना मी एकदा हिरकणी चोरली होती. माळ्यावर बसून काचेच्या तुकड्यावर रेघ ओढली. आईने बघितलं आणि मला धरून एवढी रडली, एवढी रडली. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. म्हणाली, काच पुरुषाचं ऐकत नाही रे बाळा. मला वाटलं, माझ्या हातातच काही नाही. आजपर्यंत तसंच वाटत होतं. तू टेबलापाशी उभी राहिलीस की मी मुद्दाम गिऱ्हाइकाशी जास्त बडबड करायचो. बघवायचं नाही गं."

ताईंनी चमचा वाटीत ठेवला. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, आणि हसणाऱ्या भावाच्या पोटात हे होतं, याचा त्यांना पत्ताही नव्हता. आई रडली होती. हिरकणीला हात लावला म्हणून कुणी एवढं रडत नाही. आई घाबरली होती.

आणि मग त्यांना पणजीचे भाऊ आठवले. गोष्टीत ते एका वाक्यात जायचे. लहानपणीच गेले, की लगेच पैज सुरू. कशाने गेले, हे ताईंनी कधी विचारलं नव्हतं. तेव्हा पोरं जायचीच, असं धरून चालायचं. पण ती काचवाल्याची पोरं होती. दिवसभर तुकड्यांत खेळणारी. पणजीने एकेका भावाला रक्त वाहून जाताना बघितलं असणार. स्वतःचं बोट मात्र कापलं तरी थांबतं, हेही बघितलं असणार. पुढे तिच्या पोटी मुलगे झाले तेव्हा ती काय करणार होती? ना औषध, ना तपासणी. तिने मुलांच्या हातातली धार काढून घेतली. पण ती अशी काढली, की एकाही मुलाला आपण दुबळे आहोत असं वाटू नये. काच कापणं हा बायकांचा मान आहे, अशी तिने दवंडीच पिटली. नियम मोडायचा कुणाला धीर होऊ नये म्हणून त्याला पैजेची गोष्ट चिकटवली. आणि तो नियम इतका चोख पाळला गेला, की घरात कुणाचं रक्त सांडलंच नाही आणि आजार आहे हेच सगळे विसरून गेले. ताईंनी डॉक्टरीणबाईंना दिलेलं उत्तर खरं होतं. पण ते खरं का होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं.

"तुझ्या हातात कला नाही असं कुणी म्हटलं रे वेड्या," ताई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. "पणजीने तुम्हाला जपलं. जपतेय हे तुम्हाला कळूसुद्धा दिलं नाही. केवढी बाई असेल ती!"

रडून झाल्यावर ताईंनी पदराने तोंड पुसलं आणि तडक रक्ताच्या डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या.

"डॉक्टर, कालचं मला पुन्हा एकदा माझ्या भाषेत बोलू द्या, चुकलं तर सांगा. गोल आरसे काढायला आमच्याकडे फर्मा असतो, म्हणजे साचा. फर्म्याच्या कडेला बारीक खाच पडली, तर त्यावरून काढलेल्या प्रत्येक आरशात ती उतरते. कापणाऱ्याचा हात कितीही चांगला असो. बाईकडे फर्मे दोन, एक बिघडला तर दुसऱ्यावर काम निघतं. पुरुषाकडे एकच. बरोबर?"

"अगदी बरोबर. फक्त दुसरा फर्मा दर वेळी पुरेसा पडतोच असं नाही, काही बायकांनाही रक्त जास्त जातं. म्हणून तुम्हा दोघींचंही फॅक्टर मोजायचं."

"मोजा. भावाच्या फर्म्यातली खाच नेमकी कुठे आहे तेही शोधा, आणि आमच्यात ती आहे का बघा. माझ्या लेकीलाही आत्ताच बोलावून घेते. तिला सगळं सांगते."

पुढचं काम ताईंना सगळ्यात जड होतं, म्हणून त्यांनी ते त्याच दिवशी उरकलं. लेकीला घेऊन त्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. "मी तुम्हाला जे सांगितलं होतं ते अपुरं होतं," त्या उभ्यानेच म्हणाल्या. मग पणजीपासून दाढेपर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई ऐकता ऐकता लेखणी ठेवून पुढे सरकल्या. शेवटी म्हणाल्या, "असं उत्तर मला पुन्हा कुणी दिलं, तर आता मी विचारेन, का नाही सांडलं म्हणून."

काही आठवड्यांनी निकाल आला. मामांच्या जनुकात बदल सापडला होता, आणि तोच बदल ताईंमध्ये होता, लेकीतही होता. निकाल ऐकून लेक जिना उतरली. मग रस्त्यात थांबून म्हणाली, "आई, म्हणजे मीच देणार त्याला."

"तू काय काय देणार आहेस ते बघू या आधी," ताई म्हणाल्या. "हात तुझे मिळाले तर नशीब काढलं म्हणायचं." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लेकीच्या तोंडावर तिची तारीफ केली होती. लेक इतकी चकित झाली की रडायचं विसरली.

बाळंतपणाची तयारी एखाद्या मोठ्या तावदानाच्या वाहतुकीसारखी झाली. मुलगा की मुलगी हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून मुलगाच आहे असं धरून चालायचं ठरलं. चिमटा नाही, डोकं ओढणारं कुठलंही यंत्र नाही, कळा अडल्या तर वेळ न घालवता शस्त्रक्रिया. फॅक्टरचं औषध थंडपेटीत तयार. रक्ताच्या डॉक्टर स्वतः येऊन नर्सना समजावून गेल्या. आणि दिवस भरल्यावर एका सकाळी, कुणाला फार धावपळ करायला न लावता, लेक नीट बाळंत झाली. मुलगा. रडायला लागला तेव्हा बाहेर बाकावर बसलेला जावई उभा राहिला, बसला आणि परत उभा राहिला.

नाळेतलं रक्त तपासायला गेलं. दुपारी रक्ताच्या डॉक्टर आल्या. "त्याच्यात फॅक्टर कमी आहे. मामांसारखंच. पण डोक्याचं सगळं तपासलंय, कुठेही रक्तस्राव नाही. बाळ अगदी ठणठणीत आहे. आता औषधं आहेत, थोडा मोठा झाला की ती नियमाने घ्यायची. गुडघा रुसेपर्यंत थांबायचं नाही. शाळेत जाईल, धावेल, पडेल, उठेल."

लेक बाळाकडे बघत ऐकत होती. मग तिने शांतपणे विचारलं, "टोचायचं कसं ते मला शिकवाल? काच कापताना माझा हात हलत नाही." हे ऐकून ताईंची छाती अभिमानाने अशी भरून आली, की त्यांना खिडकीकडे तोंड करावं लागलं.

सगळे बाळाला बघून गेले. आले नाहीत ते फक्त मामा. निरोप आला, गुडघा दुखतोय. बाळ घरी आलं तेव्हा ते पॉलिशचं काम काढून मागच्या बाजूला जाऊन बसले. जावयाने बाळ त्यांच्या हातात द्यायला नेलं तर म्हणाले, "माझे हात पॉलिशचे आहेत," आणि दुसऱ्या दिवशी हात स्वच्छ असतानाही तेच म्हणाले. ताईंनी एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "हे तुझ्याकडून आलेलं नाही रे. आईकडून तुला आलं आणि मला आलं. लेकीला मी दिलं." मामांनी मान डोलावली. त्यांना समजलं होतं, पण त्याने काही उपयोग नव्हता. आरशात बघावं आणि तिथे स्वतःचंच दुखणं एवढंसं होऊन झोपलेलं दिसावं, असं त्यांना होत असावं. दुकानाचं तोंड मिटलं होतं. गिऱ्हाईक यायचं आणि विनोदाशिवाय परत जायचं.

मग एका सकाळी ताई बाळाला घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हाला बसल्या. मामा आत खुर्चीवर होते. समोरची शिंपीणकाकू रस्ता ओलांडून आली. गल्लीत कुजबुज झालीच होती. इस्पितळ, रक्त, घराण्यातलं काहीतरी. काकूने बाळाच्या हनुवटीला बोट लावलं आणि आवाज गोड करून विचारलं, "काय गं, कुणावर गेलाय?"

आत मामांनी मान खाली घातली. लेक टेबलापाशी थांबली.

"मामावर," ताई म्हणाल्या. पलीकडच्या दुकानापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने. "कपाळ बघ, मामाचं. कानाच्या पाळ्या मामाच्या. रडता रडता मध्येच हसतो, तेही मामाचंच. आणि रक्तसुद्धा मामाचं आहे. गोठायला वेळ लावतं. त्याचं औषध आहे आमच्याकडे. माझ्या भावासारखा माणूस झाला ना हा, तर मला दुसरं काही नको."

शिंपीणकाकू "हो का, हो का" करत राहिली.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मामा लंगडत बाहेर आले. दाढी ओली झाली होती आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. ताईंच्या शेजारी पायरीवर बसायला त्यांना वेळ लागला, गुडघा वाकत नव्हता. बसल्यावर त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"दे इकडे," ते म्हणाले. "मान अशी धरतात होय? तू जा, काच काप."